मांजरांचे रंग आणि रंगीबेरंगी प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराच्या रंगाबद्दल येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. काही गंमत म्हणून विचारलेले, तर काही "रंग बदललाय, आता काय करू?" असे घाबरून विचारलेले. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट प्रश्न ८ ते १४ पाहावेत. घरच्या मांजरापलीकडचे मोर, सरडे, वाघ वगैरे प्रश्न १५ पासून पुढे आहेत.

१. मांजरांत मुळात रंग असतात तरी किती?

रंगद्रव्यं दोनच: काळपट युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन. बाकी सगळी त्यांचीच रूपं. राखाडी मांजर खरं तर काळंच असतं. त्याच्या केसांत रंगाचे कण सारखे न पसरता गुठळ्या होऊन बसतात, म्हणून रंग विरल्यासारखा दिसतो. त्याच जनुकामुळे तांबूस मांजर फिकट साईच्या रंगाचं होतं. काळ्याचा चॉकलेटी होतो तो दुसऱ्या एका जनुकामुळे. पांढरा हा रंगच नव्हे, तिथे रंगपेशी पोचलेल्याच नसतात.

विक्रेते राखाडी मांजराला "ब्लू" म्हणतात. तो फक्त ठरलेला शब्द आहे, त्यासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

२. तिरंगी मांजर नेहमी मादीच का असते?

तांबूस रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे एक्स दोन, बोक्याकडे एकच. मादीच्या एका एक्सवर "तांबूस" आणि दुसऱ्यावर "तांबूस नाही" असं असू शकतं. गर्भ अगदी लहान असताना त्यातली प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक कायमचा बंद करते. कुठला बंद होईल याला नियम नाही. पुढे त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच एक्स बंद ठेवतात. म्हणून अंगावर कुठे काळा ठिपका येतो, कुठे तांबूस. एक एक्स बंद पडतो ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगांवरून मांडली होती.

तिसरा रंग, म्हणजे पांढरा, वेगळ्याच जनुकाचा. पांढरा जितका जास्त, तितके उरलेले ठिपके मोठे आणि सुटे दिसतात. पांढरा नसेल तर काळा आणि तांबूस एकमेकांत मिसळून जातात. अशा मांजराला टॉर्टी म्हणतात.

तांबूस रंगाचं नेमकं जनुक सापडायला मात्र २०२५ उजाडलं. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड आणि जपानमधलं क्युशू या विद्यापीठांतल्या दोन गटांनी ते वेगवेगळं शोधलं. एक्सवरचा सुमारे ५,१०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे एआरएचजीएपी३६ नावाचं जनुक रंगपेशींत नको तिथे चालू होतं.

३. आमचा तिरंगी चक्क बोका आहे. हे कसं?

असं होतं, पण क्वचित. साधारण ३,००० तिरंगी मांजरांत एक बोका, असं प्रमाण सांगितलं जातं. बहुतेकदा त्याच्याकडे दोन एक्स आणि एक वाय अशी तीन लिंगगुणसूत्रं असतात, आणि असे बोके जवळपास सगळे वंध्य असतात. क्वचित दोन गर्भ सुरुवातीलाच एकत्र होऊन एकच मांजर जन्मतं. असा बोका बाप होऊ शकतो. त्यामुळे "तिरंगी आहे, नसबंदी कशाला" असं धरून चालू नका. नसबंदी केली की मूत्राने खुणा करणं आणि मारामाऱ्याही कमी होतात.

एकदा खात्री मात्र करून घ्या. राखाडी-पांढऱ्या पट्टेरी बोक्यालाही लोक तिरंगी म्हणतात. पट्ट्यांमधला भुरा रंग म्हणजे तांबूस नव्हे.

४. तांबूस मांजरं बहुतेक बोकेच दिसतात. हा भास आहे का?

भास नाही, हिशेब आहे. बोक्याला तांबूस व्हायला एकच जनुक पुरतं, मादीला दोन्ही एक्सवर लागतं. समजा वस्तीतल्या एक्स गुणसूत्रांपैकी २० टक्क्यांवर ते आहे. मग २० टक्के बोके तांबूस होतील, पण माद्या २० टक्क्यांच्या २० टक्के, म्हणजे फक्त ४ टक्के. एकूण तांबसांत सहातले पाच बोके निघाले. तांबूस मादी दुर्मीळ नाही, कमी आहे इतकंच.

५. आई-बाप माहीत असतील तर पिल्लांचा रंग आधी सांगता येतो का?

तांबूस आणि काळ्यापुरता बराच सांगता येतो. मुलगा एक्स फक्त आईकडून घेतो, म्हणून मुलग्यांसाठी आईकडेच पाहायचं.

आई तांबूस आणि बाप काळा: सगळे मुलगे तांबूस, सगळ्या मुली टॉर्टी किंवा तिरंगी.
आई काळी आणि बाप तांबूस: मुलगे काळे, मुली टॉर्टी किंवा तिरंगी.
आई तिरंगी आणि बाप काळा: मुलग्यांत निम्मे तांबूस, निम्मे काळे. मुलींत निम्म्या काळ्या, निम्म्या तिरंगी. तांबूस मुलगी इथे होऊच शकत नाही.
दोघंही तांबूस: सगळी पिल्लं तांबूस.

इथे "काळा" म्हणजे तांबूस नसलेलं कुठलंही: राखाडी, भुरं पट्टेरी, सगळे. हिशेब चुकतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, आई किंवा बाप पूर्ण पांढरा असतो. पांढऱ्याखाली खरा रंग कुठला, ते वरून कळत नाही. दोन, बाप तुम्हाला वाटतो तो नसतो. मादी एका माजात अनेक बोक्यांशी संग करते, आणि एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बाहेर फिरणाऱ्या मांजरीच्या बाबतीत हे गृहीतच धरा.

६. आमच्या नारंगी बोक्याच्या कपाळावर इंग्रजी "एम" आहे. ही कुठली जात?

जात नव्हे, पट्टेरी नक्षी. कपाळावरचा "एम", डोळ्यांच्या कडेच्या रेघा आणि शेपटीवरची वलयं ही तिची खूण. तांबूस मांजर नेहमीच थोडंफार पट्टेरी दिसतं, कारण काळ्या रंगाला एकसंध करून पट्टे झाकणारं जनुक तांबूस रंगावर चालत नाही. काळ्या पिल्लाच्या अंगावरही उन्हात पुसट पट्टे दिसतात. ते वयानुसार जातात.

नक्षीचे मुख्य प्रकार चार: अरुंद उभे पट्टे, रुंद गोलाकार वळणं, ठिपके, आणि ज्यात केसाकेसावर पट्टे असतात पण अंग एकसारखं दिसतं असा चौथा. अरुंद पट्ट्यांची रुंद वळणं करणारं जनुक २०१२ मध्ये सापडलं. आफ्रिकेतल्या "किंग चित्त्या"च्या अंगावर ठिपक्यांऐवजी जाड पट्टे येतात तेही याच जनुकातल्या बदलामुळे.

७. लाडक्या तिरंगी मांजरीचं क्लोन केलं तर तसंच मांजर मिळेल?

नाही. जगातलं पहिलं क्लोन मांजर, सीसी, २२ डिसेंबर २००१ रोजी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलं. जिच्या पेशीपासून ते केलं ती रेनबो तिरंगी होती. सीसीच्या अंगावर तांबूस रंगाचा ठिपकाही नव्हता, कारण घेतलेल्या पेशीत "तांबूस" एक्स आधीच बंद होता. ठिपक्यांची जागाही जनुकांत लिहिलेली नसते.

८. पांढरं मांजर बहिरं असतं हे खरं का? घरी कसं तपासायचं?

सगळी नाहीत. पूर्ण पांढऱ्या, दोन्ही डोळे निळ्या असलेल्या मांजरांत ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात. एक डोळा निळा असेल तर सुमारे ४० टक्के, एकही निळा नसेल तर १७ ते २२ टक्के. आतल्या कानाला काम करायला रंगपेशी लागतात. पांढरेपणाच्या जनुकामुळे त्या तिथे पोचत नाहीत आणि जन्मानंतर काही दिवसांत कानातल्या पेशी मरू लागतात. एकच डोळा निळा असेल तर बहुधा त्याच बाजूचा कान जातो. सयामीच्या निळ्या डोळ्यांचं कारण वेगळं आहे (प्रश्न ११). त्याचा बहिरेपणाशी संबंध नाही.

तपासायला मांजर झोपलेलं असताना मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. जमिनीवर पाय आपटू नका किंवा जवळ टाळी वाजवू नका. हादरा आणि हवेचा झोत त्याला जाणवतो आणि तुम्हाला वाटतं ऐकू आलं. एकाच कानाचा बहिरेपणा घरी कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे बीएईआर ही चाचणी असते, तिच्यात आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते मोजतात.

बहिऱ्या मांजराला मोकळं रस्त्यावर सोडू नका. जेवायला बोलावायला दिवा दोनदा लावून विझवा किंवा जमिनीवर थाप मारा. गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे ते कुठे आहे हे निदान तुम्हाला ऐकू येईल.

९. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोकं लाल आणि खरखरीत झाली आहेत. खरूज असेल का?

खरूज असू शकते, पण पांढऱ्या कानांच्या बाबतीत आधी ऊन आठवा. कानाच्या टोकावर केस विरळ आणि त्वचेत रंग नाही, त्यामुळे ऊन थेट लागतं. सुरुवात लालीपासून होते, मग पापुद्रे, खपल्या, आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर त्वचेचा कर्करोग. नाकाचा शेंडा आणि पापण्या हीही तशीच ठिकाणं. दोन आठवड्यांत न भरणारी खपली डॉक्टरांना दाखवा. लवकर पकडला तर कानाचं टोक कापून प्रश्न सुटतो.

सकाळी १० ते दुपारी ४ गच्चीत जाऊ देऊ नका. माणसांचं सनस्क्रीन लावू नका. त्यातलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट मांजर चाटून पोटात घेतं आणि दोन्ही त्याला विषारी आहेत.

१०. काळ्या मांजराचा रंग गंजल्यासारखा तपकिरी होतोय. का?

कडक उन्हाने होऊ शकतं, आणि तेवढंच असेल तर नवे केस आले की काळेपणा परत येतो. पण मांजर घरातच असेल, किंवा गंजकी छटा केसाच्या मुळापासून असेल, तर ताटाकडे बघा. काळं रंगद्रव्य टायरोसिन आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लांपासून बनतं. ती कमी पडली की काळा केस तांबूस उगवतो. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे दूध-पोळी आणि दूध-भात.

रंग हा त्यातला सगळ्यात किरकोळ तोटा. या जेवणात टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्यही जवळपास नसतं, आणि मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. टॉरिनअभावी डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजराचं "संपूर्ण आहार" असं लिहिलेलं खाद्य मुख्य ठेवा. घरी मासे किंवा चिकन उकडत असाल तर उकळलेलं पाणीही द्या, कारण टॉरिन त्यात उतरतं. त्यात मीठ, कांदा, लसूण नको. नुसतं उकडलेलं चिकन हाही पूर्ण आहार नव्हे, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. आहार बदलल्यावर रंग सुधारायला नवे केस यावे लागतात, तेव्हा काही महिने धीर धरा.

११. ऑपरेशनसाठी केस काढले, तिथे सयामीला काळे केस आले. काही बिघडलं का?

काही नाही. सयामीत रंग बनवणारं विकर उष्णतेला नाजूक असतं. अंगाच्या उबेत ते काम करत नाही, थंड भागांत करतं. म्हणून कान, तोंड, पंजे, शेपटी काळी आणि धड फिकट. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पिल्लं पांढरट जन्मतात आणि नंतर गडद होतात. केस काढलेली जागा थंड पडते, तिथे गडद केस उगवतात. पुढच्या केसगळतीनंतर बहुधा पूर्ववत होतं. याच कारणाने एसीच्या खोलीत राहणारं सयामी नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्यापेक्षा गडद दिसू शकतं.

१२. पिल्लू चंदेरी-राखाडी जन्मलं आणि आता काळं होतंय. असं कसं?

गाभण असताना आईला ताप किंवा मोठा ताण आला की पिल्लाच्या पहिल्या केसांत रंग नीट उतरत नाही. ही तात्पुरती झूल साधारण चार ते सहा महिन्यांत जाऊन खरा रंग येतो. उपचार लागत नाही.

१३. तांबूस मांजराच्या नाकावर आणि ओठांवर काळे ठिपके आले आहेत. आणि हिरड्यांचा रंग कसा तपासायचा?

ठिपके सपाट, स्पष्ट कडेचे आणि वेदनाहीन असतील तर ते लेंटिगो, म्हणजे एक प्रकारचे वांग. तांबूस मांजरांत साधारण वर्षभराच्या वयापासून येतात आणि वाढतही जातात. उंचवटा आला, जखम झाली, रक्त आलं किंवा एकच ठिपका झपाट्याने वाढला तर मात्र दाखवा.

हिरड्या उजेडात बघा. ओठ वर करून हिरडीवर बोटाने क्षणभर दाब द्या. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. फिकट पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी किंवा शॉक, पिवळ्या म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे प्राणवायू कमी. चॉकलेटी दिसल्या तर कुणी पॅरासिटामॉल दिलंय का विचारा. माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. काही काळ्या मांजरांच्या हिरड्याच काळ्या असतात. तेव्हा जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

१४. रंगपंचमीला मांजराला रंग लागला. काय करू?

लागलेल्या रंगापेक्षा चाटलेला रंग धोक्याचा. सर्वात आधी मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून चाटणं थांबवा. कोरडा रंग आधी कोरड्या कापडाने झटका. आधीच पाणी ओतलं तर तो केसांत पसरतो. मग मनगटावर गरम न वाटणारं कोमट पाणी आणि मांजराचा शॅम्पू. तो नसेल तर सौम्य बेबी शॅम्पू. दोनदा धुऊन पूर्ण कोरडं करा. डोळ्यांत गेला असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा.

केरोसीन, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर, फिनाइल यांतलं काहीच नको. ऑइलपेंट लागला असेल तर तो काढायच्या भानगडीत न पडता तेवढे केस कापा. लाळ गळणं, उलट्या, सुस्ती दिसली तर रंगाचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. घरी उलटी करवू नका.

१५. मांजराला रंग दिसतात का? वाघ इतका भडक, मग हरणाला कसा दिसत नाही?

मांजराला निळा आणि पिवळसर-हिरवा बऱ्यापैकी ओळखता येतो, लाल मळकट दिसतो. लाल चेंडू हिरवळीवर हरवतो तो त्याला दिसतच नसतो. निळा घ्या. रंगांत कमी पडलं तरी अंधारात आणि हालचाल टिपण्यात मांजर आपल्यापेक्षा सरस.

हरणांचंही तसंच. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे नारंगी आणि हिरवा त्यांना वेगळे वाटत नाहीत. सस्तन प्राण्याच्या केसांत हिरवं रंगद्रव्य बनत नाही. वाघाला नारंगीवरच भागवावं लागलं, आणि सावज असं की ते खपून गेलं.

१६. मोरपीस कुटलं तर निळी पूड मिळेल का?

तपकिरी मिळेल. मोरपिसातला निळा-हिरवा हे रंगद्रव्य नव्हे. पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या बारीक कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात, आणि त्या अंतरानुसार ठरावीक रंगाचाच प्रकाश परत येतो. रचना मोडली की रंग गेला. पीस उजेडाकडे धरून आरपार पाहा, न कुटताही तपकिरी दिसेल. खंड्याचा निळाही रचनेचाच.

१७. सरडा पार्श्वभूमीप्रमाणे रंग बदलतो ना?

आपल्या कुंपणावरचा सरडा त्यासाठी बदलत नाही. विणीच्या काळात नराचं डोकं आणि गळा लाल होतो तो माद्यांसाठी आणि दुसऱ्या नरांना दम द्यायला. शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, हा वेगळा प्राणी. त्याच्या त्वचेत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करून तो रंग बदलतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये दाखवलं. तोही रंग बदलतो तो मुख्यतः मूड आणि तापमानानुसार.

भडकपणाच पाहायचा तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जा. सरडा सुपर्बा या २०१६ मध्ये नोंदवलेल्या जातीचा नर गळ्याखालचा निळा-काळा-नारंगी पंखा फुलवून दगडावर उभा असतो. दुर्बीण न्या, दगड उलटू नका.

१८. ठाणे खाडीतले काही फ्लेमिंगो पांढरट-करडे का असतात?

ती पिल्लं. गुलाबी रंग अन्नातून, शैवाल आणि छोट्या जीवांतल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, आणि पिसांत मुरायला दोन-तीन वर्षं लागतात. मांजराचा रंग असा खाण्याने चढत नाही, उतरू मात्र शकतो (प्रश्न १०).

१९. काळा बिबट्या आणि पांढरा वाघ या वेगळ्या जाती आहेत का?

नाहीत. ताडोबात दिसलेला काळा बिबट्या हा बिबट्याच. तिरप्या उन्हात त्याचे ठिपके दिसतात. त्याचा काळेपणा घरच्या काळ्या मांजरासारखाच अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून जनुक यावं लागतं. अमेरिकेतल्या काळ्या जॅग्वारमध्ये उलट, एकाकडून आलं तरी पुरतं.

पांढरा वाघ अल्बिनो नाही, त्याचे पट्टे काळेच असतात. १९५१ मध्ये रीवा संस्थानात पकडलेला मोहन हा पिंजऱ्यातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज. रंग टिकवायला त्यांचा नात्यातच संकर करत गेले, आणि तिरळेपणासारखे दोष त्यातूनच वाढले. त्याला संवर्धन म्हणणं आम्हाला पटत नाही.

२०. शेकरू किंवा पोपट पाळता येतो का? घरात मांजर आहे.

शेकरू नाही. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित. आपला हिरवा राघूही याच कायद्यात येतो. बाजारात सहज मिळतो म्हणून पाळणं कायदेशीर ठरत नाही. बजरीगर, कॉकाटील हे परदेशी पक्षी चालतात. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या, साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

मांजराबरोबर पक्षी ठेवायचाच तर पिंजरा वेगळ्या खोलीत ठेवा आणि दार लावा. पिंजऱ्यातून नुसता पंजा लागला तरी पक्ष्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मांजराच्या नखांत आणि लाळेत असलेल्या पाश्चुरेला जिवाणूमुळे बारीकसा ओरखडाही एक-दोन दिवसांत जिवावर बेततो, आणि प्रतिजैविक लगेच सुरू झालं तरच पक्षी वाचायची आशा असते.